एवढीशी पापणी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आमच्या नातवाला, म्हणजे बाब्याला, न्हाऊ घालून सूनबाईने पंचात गुंडाळून बाहेर आणले आणि खिडकीपाशी उजेडात धरून ती म्हणाली, "आई, याच्या डोळ्यावर हे काय आलंय बघा." उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक लालसर पट्टा उमटला होता. कुंकवाचे बोट ओझरते लागावे, तेवढाच. बाब्या तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याला त्या पट्ट्याचे काहीच नव्हते. तो पंचातून सुटून पळण्याच्या खटपटीत होता.

आमच्या घरात वैद्यकीचे शिक्षण कुणाचेही झालेले नाही, त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. सौ. म्हणाली, डास चावला असेल. शेजारच्या काकूंनी रांजणवाडी ठरवून टाकली आणि लवंग उगाळून लावायला सांगितले. (सुदैवाने ते कुणी केले नाही.) चिरंजीवांनी मोबाइलमध्ये डोके घालून एक अवघड नाव उच्चारले. मी सर्वांत ज्येष्ठ असल्यामुळे म्हणालो, "दोन दिवस थांबा, जाईल आपोआप." दोन दिवसांनी तो पट्टा गेला खरा, पण आठवड्याने परत आला, आणि येताना बारीक कोंडा घेऊन आला. बाब्या मुठीने डोळा चोळू लागला. पुढचे चार महिने आमच्या घरात सकाळी उठल्यावर सगळ्यांची पहिली नजर त्या पापणीवर जात असे.

दीड वर्षाच्या मुलाच्या पापणीवरचे पुरळ ही काही लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण या एवढ्याशा पापणीपायी आमच्या घरातली तीन माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आणि माझ्या हातून एक चूक झाली, जी थोडक्यात निभावली. ती चूक इतर आजोबांच्या हातून होऊ नये म्हणून हा खटाटोप.

सांगलीच्या आमच्या घरात मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात. दिवसभर बाब्या आजीआजोबांच्या ताब्यात असतो. अशा घरात मुलाला काही झाले की 'काय झाले' या प्रश्नामागे 'कुणाच्या वेळेत झाले' हा दुसरा प्रश्न दबा धरून बसलेला असतो. सूनबाईचा संशय काजळावर होता. सौ. एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हन उपडे घालून घरी काजळ धरते आणि रोज संध्याकाळी बाब्याला गालबोट लावते. सौ.चा संशय ओल्या रुमालांवर होता. ते पाकिटातून ओढून काढायचे वेट वाइप्स. "आमच्या वेळी ओल्या फडक्याने तोंड पुसत होतो, पोरांना काही होत नव्हतं," हे वाक्य ती कुणालाही उद्देशून म्हणत नसे, पण सूनबाई स्वयंपाकघरात असतानाच म्हणत असे. उघड भांडण कधी झाले नाही. फक्त भांडी जरा जास्त वाजू लागली.

बालरोगतज्ज्ञांनी पाहिले. त्वचा कोरडी आहे, थंडीचे दिवस आहेत, मऊ करणारे साधे मलम लावा आणि काही दिवस वाट पाहा, म्हणाले. सल्ला अगदी योग्य होता. पण वाट पाहणे हे आजोबांच्या प्रकृतीला मानवत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेलो असता मी सहज विषय काढला. दुकानदाराने मागे न बघता फडताळावरून एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "हे लावा, तीन दिवसांत साफ." किंमत एका मसाला डोशापेक्षा कमी. मी चिठ्ठीबद्दल विचारले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

आणि खरेच, तीन दिवसांत पापणी साफ झाली! मी घरात मिशीवर ताव देत हिंडलो. पाचव्या दिवशी मलम बंद केले, आठव्या दिवशी लाली परत आली, आणि या वेळी डाव्या पापणीवरही. मी पुन्हा मलम लावले, पुन्हा साफ. बंद केले, पुन्हा हजर. असे सहा आठवडे चालले. मधल्या काळात सूनबाईने एकदा विचारले होते, "बाबा, ते मलम अजून लावता का?" मी "कधीतरी" असे म्हणालो. ते खरे नव्हते. दुपारी सौ. पडलेली असताना मी ते जवळजवळ रोज लावत होतो.

जानेवारीच्या मध्यावर आम्ही मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मिरज हे आमच्या भागातले दवाखान्यांचे गाव. गेली सव्वाशे वर्षे कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसे तिथे दुखणी घेऊन येतात. बाईंनी बाब्याला आधी तपासलेच नाही. त्याच्या हातात एक किल्ल्यांचा जुडगा दिला आणि आम्हाला प्रश्न विचारत बसल्या. घरात कुणाला दमा, इसब, सारखी सर्दी आहे का? याचे तोंड कशाने पुसता? तेल कुठले? याला दिवसभरात कोण कोण हात लावते, आणि त्यांच्या हाताला काय काय लागलेले असते? मग म्हणाल्या, "आतापर्यंत लावलेली सगळी मलमे दाखवा." सूनबाईने पिशवीतून दोन काढली. मी खिशातून तिसरी काढली. ती अर्ध्याहून अधिक संपलेली होती. सूनबाईने त्या ट्यूबकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मग ती खिडकीबाहेर पाहू लागली. बँकेच्या नोकरीत तपासनिसांपुढे उभा राहण्याचे प्रसंग माझ्यावर आले, पण त्या पाच सेकंदांची सर त्यांना नाही.

बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. एक जोरकस स्टिरॉइड, एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक, असे तीन एकत्र. "आजोबा," त्या म्हणाल्या, "ज्याला निदान करायचं नसतं त्याच्यासाठी हे मलम आहे. काहीही असो, काही दिवस झाकलं जातं."

त्यांनी पुढे जे समजावले ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. पापणीची कातडी ही सबंध शरीरातली सर्वांत पातळ कातडी. तिची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. खाली चरबीचा थर जवळजवळ नाही. तळहाताला लावलेले औषध जेवढे आत जाते त्याच्या कितीतरी पट पापणीतून जाते. त्यामुळे जोरकस स्टिरॉइड तिथे आठवडेच्या आठवडे लावले तर कातडी आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि औषध डोळ्यापर्यंत पोहोचून डोळ्यातला दाब वाढू शकतो, भिंग गढूळ होऊ शकते. म्हणजे काचबिंदू आणि मोतीबिंदू. दाब वाढलेला मुलाला सांगता येत नाही आणि वरून आपल्याला दिसत नाही. शिवाय त्या ट्यूबमधले निओमायसिन हे जंतुनाशक स्वतःच अनेकांना अ‍ॅलर्जी देणारे म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे मलमातला एक घटक पुरळ दाबत असतो आणि दुसरा कदाचित तेच वाढवत असतो.

स्टिरॉइड हे विष नव्हे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन प्रथम दिले गेले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, हेंच आणि राइकस्टाइन यांना मिळाले ते याच कामासाठी. १९५२ साली सल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपात त्वचेवर वापरून दाखवले. त्वचारोगांच्या उपचारांत त्याने क्रांतीच केली. प्रश्न औषधाचा नसून ते कोण, कुठे आणि किती दिवस लावतो याचा आहे. आपल्याकडे ही मलमे गोरे होण्यापासून नायट्यापर्यंत कशालाही इतकी सर्रास लावली गेली की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोहीम उघडली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत अशा यादीत घातली. नियम कागदावर आला. माझ्यासारखी गिऱ्हाइके मात्र अजून काउंटरवर उभी आहेत.

त्याच दिवशी बाईंनी आम्हाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे दीड तास थांबावे लागले. बाब्या माझ्या खांद्यावर झोपून गेला. चिरंजीव व सूनबाई समोरच्या बाकावर बसली होती आणि आमच्यात कुणीही बोलत नव्हते. भिंतीवर डोळ्याचे मोठे रंगीत चित्र होते. त्यातला प्रत्येक भाग मी नावानिशी पाठ केला असेन. आत गेल्यावर डॉक्टरांनी एका छोट्या उपकरणाने, बाब्या पुरता जागा व्हायच्या आतच, दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला आणि मग भिंग तपासले. "दाब ठीक आहे. भिंग स्वच्छ आहे. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा." मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. चिरंजीवांनी पाण्याची बाटली पुढे केली. एवढेच.

आता मूळ पुरळाकडे येऊ. बाईंचे निदान असे: बाब्याची प्रकृती इसबाची. सौ.च्या माहेरी दमा आहे, चिरंजीवांना लहानपणी कोपराच्या खोबणीत इसब होते, ते आम्ही विसरूनही गेलो होतो. काही मुलांची कातडी जन्मतःच पुरेशी घट्ट विणलेली नसते. ओलावा बाहेर जातो आणि बाहेरच्या नाही नाही त्या गोष्टी आत शिरतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हे इसब यांचा संबंध दाखवला. सर्वच मुलांत हा दोष असतो असे नाही, पण इसबाची सुरुवात पुष्कळदा कातडीच्या कुंपणापासून होते हे त्यातून ठळक झाले. अशा कातडीला खाज सुटते, मूल चोळते, चोळल्याने कातडी आणखी फाटते आणि खाज वाढते. बहुतेक मुलांत वय वाढेल तसे हे कमी होत जाते.

"पण ही झाली जमीन," बाई म्हणाल्या. "तिच्यावर काय पडतंय ते शोधायला हवं." पापणीची गंमत अशी, की तिच्यावर प्रत्यक्ष काही न लावताही ती बिघडते. मोठ्या बायकांत नखांना लावायच्या रंगाची अ‍ॅलर्जी बोटांना न दिसता पापण्यांवर दिसते, कारण बोटांची कातडी जाड आणि हात दिवसभर डोळ्यांकडे जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर हात स्वतःचेच असतात असेही नाही. अ‍ॅलर्जी ओळखण्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची चाचणी आहे. १८९५ साली योसेफ यादासोन यांनी ती मांडली, आणि आजही ती जवळपास तशीच होते. दोन दिवस पट्ट्या ठेवायच्या, काढल्यावर पाहायचे आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहायचे. पण दीड वर्षाच्या मुलाची पाठ ती केवढी, आणि तो पट्ट्या ठेवून घेईल तर ना! म्हणून आधी सोपा मार्ग: चेहऱ्याजवळचे सगळे बंद. काजळ, पावडर, सुवासिक तेल, ओले रुमाल, सगळे. फक्त कोमट पाणी आणि दिवसातून चार वेळा साधी पेट्रोलियम जेली. जोडीला सौम्य स्टिरॉइड मलम, दोन्ही पापण्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढे, मोजून पाच दिवस. आणि एका वहीत रोजची नोंद.

नोंद ठेवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. हाताने खतावण्या भरण्याच्या दिवसांत बँकेत महिनाअखेरीस बेरजा जुळल्या नाहीत की रात्री बसून फरक शोधावा लागे. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे, हे पहिल्याच वर्षी शिकवत. सर्वांत चिवट फरक असे तो दोन चुकांचा. एक चूक सापडते, बेरीज तरीही जुळत नाही, आणि मग माणूस सापडलेली चूकही बरोबर असावी असे समजून पुढे जातो. आमच्या बाब्याच्या पापणीत नेमका हाच प्रकार होता.

सगळे बंद केल्यावर डावी पापणी दहा दिवसांत स्वच्छ झाली. उजवी मात्र तीन दिवस बरी, चौथ्या दिवशी लाल. सौ. सूनबाईला म्हणाली, "म्हणजे काजळ नव्हतं बाई ते." सूनबाई म्हणाली, "आणि वाइप्सही नव्हते, आई." दोघी तात्पुरत्या एका बाजूला आल्या. वही चाळताना माझ्या लक्षात आले, की ज्या रात्री बाब्या माझ्याजवळ झोपला त्याच्या दुसऱ्या सकाळी लाली होती. पण त्यावरून काय समजावे ते कळेना. माझ्या अंथरुणात काय आहे? चादर धुतली, उशी बदलली.

उलगडा केला तो सूनबाईने. एका सकाळी तिने बाब्याला उचलून त्याच्या कपाळाचा पापा घेतला आणि ती थबकली. "बाबा," ती म्हणाली, "याच्या कपाळाला तुमच्या बामचा वास येतोय."

माझे गुडघे दुखतात. रात्री नऊ वाजता मी दोन्ही गुडघ्यांना बाम चोळतो. कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि झोंबणारी तेले. मग बाब्या शेजारी येऊन डाव्या कुशीवर पडतो आणि मी त्याच्या कपाळावरून, डोळ्यांवरून हात फिरवत त्याला झोपवतो. उजवा डोळा वर असतो. चार महिने मी त्याच्या उजव्या पापणीवर रोज रात्री तो हात फिरवत होतो. हात धुवायला हवा हे मला सुचलेच नव्हते, कारण तो हात मला औषधाचा न वाटता आजोबाचा वाटत होता.

सूनबाईला त्या क्षणी बरेच काही म्हणता आले असते. ट्यूबचा विषय अजून ताजा होता. ती एवढेच म्हणाली, "आता कळलं ना, झालं तर मग." आणि बाब्याचे कपाळ ओल्या फडक्याने पुसून ती ऑफिसला गेली.

दुसरी चूक फेब्रुवारीअखेर सापडली. बाम बंद होऊन पापण्या दोन आठवडे निर्मळ होत्या. पुण्याला एका लग्नाला रेल्वेने गेलो आणि प्रवासात दोन दिवस ओले रुमाल वापरले. तिसऱ्या दिवशी दोन्ही पापण्या आणि तोंडाभोवतीचा भाग लाल. अशा ओल्या रुमालांत पाणी नासू नये म्हणून परिरक्षके घालावी लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या लांबलचक नावाच्या रसायनाने जगभर इतक्या अ‍ॅलर्जी दिल्या, की २०१३ साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या संस्थेने त्याला 'वर्षाचे अ‍ॅलर्जन' ठरवले आणि युरोपीय संघाने २०१७ पासून, न धुता त्वचेवर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली. आमच्या पाकिटात नेमके काय होते ते बाईंनी छातीठोकपणे सांगितले नाही. "बंद केल्यावर जातं, वापरल्यावर येतं, आपल्याला एवढं पुरे," असे त्या म्हणाल्या.

काजळाचे काय? या खटल्यात ते निर्दोष सुटले. पण बाईंनी त्याला मोकळे सोडले नाही. बाजारातल्या काही सुरम्यांत आणि काजळांत शिसे आढळलेले आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. घरच्या काजळात ते नसले तरी डोळ्यात बोट घालणे आलेच. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, असा तोडगा निघाला. सौ.ने तो मान्य केला. दृष्ट तळपायावरूनही उतरते, असे तिच्या आईचे म्हणणे होते म्हणे.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना बाईंनी सांगितलेल्या दोन-चार गोष्टी इथे देतो. पापणी एकाएकी सुजून डोळा मिटला, ताप आला, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लाल झाला, पाण्याचे फोड आले, पू येऊ लागला किंवा मूल उजेडाकडे पाहीनासे झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसती लाली, कोंडा, खाज असेल तर आधी घरातल्या सगळ्यांच्या हातांची यादी करा. बाम, केसांचा कलप, अत्तर, नखांचा रंग, भांड्यांचा साबण. सगळे एकदम बंद करा, पापणी स्वच्छ होऊ द्या, आणि मग एकेक गोष्ट सुरू करून पाहा. ज्याचा संशय बळावला असेल ती पुन्हा सुरू करण्याचा हट्ट नको. मलम कुणाचे, कशासाठी, किती दिवस हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि लावलेले काही लपवू नका. डॉक्टरांपासून नको, आणि मुलाच्या आईपासून तर मुळीच नको.

पाडव्याला सूनबाईने बाब्याला नवा झब्बा घातला. पापण्या स्वच्छ होत्या. मी तिला बाजूला बोलावून, जे मिरजेच्या दवाखान्यात म्हणायला हवे होते ते म्हटले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, मी रोज त्याचं तोंड वाइप्सने पुसत होते आणि आईंच्या काजळावर रागवत होते." सौ. गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधत होती. तिला ऐकू गेले असावे, कारण तिने एकदम सगळ्यांना प्रसाद घ्यायला हाक मारली.

नेत्रतज्ज्ञांकडे दुसरी तपासणीही ठीक झाली. थंडी पडली की पापणी पुन्हा थोडी लाल होईल, असे बाईंनी सांगून ठेवले आहे. पेट्रोलियम जेलीची डबी कपाटात आहे, आणि वहीही आहे. गुडघ्यांना बाम आता बाब्या झोपल्यावर लावतो, आणि नंतर साबणाने दोनदा हात धुतो. बाब्याला त्या धुण्याचे भारी कौतुक. कधी जागाच असला तर बेसिनपाशी येतो, स्वतःचे हात वर करून उभा राहतो, आणि त्याचेही हात धुतल्याशिवाय मला झोपायला जाऊ देत नाही.